व्हीडीआरएल: एका तपासणीची कुळकथा

सरकारी दवाखान्यात नाव घालायला गेलेल्या गरोदर बाईच्या रक्ताची जी पहिली चिठ्ठी निघते, तिच्यावर हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही अशा रांगेत ‘व्हीडीआरएल’ हेही एक नाव असतं. खासगी प्रसूतिगृहातही असतं, फक्त तिथे त्याचे पैसे पडतात. ही तपासणी कशाची, हे बहुतेक जणींना कुणी सांगत नाही आणि त्याही विचारत नाहीत. ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ असा शेरा येतो, कागद फायलीत जातो, विषय संपतो.

तपासणी उपदंशाची असते. बोलीत ज्याला गरमी म्हणतात त्या रोगाची. हे चुकून कळलंच तर घरातून विचारणा होते, आमच्या सुनेची असली तपासणी कशासाठी? त्या विचारणेत एक गृहीत दडलेलं आहे, की असली तपासणी करायची माणसं वेगळी असतात. व्हीडीआरएलच्या कुळात मागे मागे गेलं की दोन प्रश्न सतत जोडीने चालत आलेले दिसतात. रोग आहे का, हा एक. तपासायचं कुणाला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळवायला वैद्यकाला चारशे वर्षं लागली. दुसऱ्याचं उत्तर समाजाकडे सुरुवातीपासून तयार होतं, आणि ते बऱ्याचदा चुकीचं होतं.

आपल्याकडचा सगळ्यात जुना ठळक उल्लेख सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त सापडतो. चरक-सुश्रुतात नसलेला ‘फिरंगरोग’ त्याने नव्याने घातला, त्याचे बाह्य, आभ्यंतर आणि दोन्ही मिळून असे तीन प्रकार केले, आणि कारण सांगताना आडपडदा ठेवला नाही: फिरंगी माणसाच्या अंगाचा संसर्ग आणि फिरंगिणीशी संग. आजच्या भाषेत ही जोखमीची नोंदच झाली. उपचार पाऱ्याचा आणि चोपचिनीचा. चोपचिनी चीनमधून गोव्याच्या बंदरात उतरत असे. तिथेच राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात एक अख्खा संवाद तिला दिला आहे. निदानाचं साधन मात्र सगळ्यांकडे एकच होतं, डोळे. व्रण दिसला, पुरळ दिसलं, हाडं दुखली, तर रोग. दिसलं नाही तर नाही.

डोळ्यांना फसवण्यात मात्र या रोगाचा हातखंडा आहे. पहिला व्रण दुखत नाही. बाईच्या गर्भाशयमुखावर असेल तर तिलाही तो कळत नाही. काही आठवड्यांत औषध न घेताच तो भरून येतो. मग अंगावर पुरळ येतं, तेही जातं. त्यानंतर कित्येक वर्षं वरून सगळं ठीक दिसतं आणि आत जंतू मुक्कामाला असतो. या शांततेच्या काळात डोळ्यांनी निदान होणं शक्यच नसतं.

तरीही इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात डोळ्यांच्या भरवशावर अख्खी यंत्रणा उभी केली. गोऱ्या पलटणींमध्ये गुप्तरोगाने रुग्णालयात पडून राहणारे शिपाई इतके झाले की १८६४ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने छावण्यांमधल्या वेश्यांची नोंदणी आणि तपासणी सुरू झाली. १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आला आणि तीच पद्धत शहरांकडे वळली. मुंबईत तो १८७० मध्ये लागू झाला. नोंदणी झालेल्या बाईला तिकीट, ठराविक दिवशी तपासणी, आणि डॉक्टरला संशय आला तर ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये स्थानबद्धता. खर्च सरकारने द्यायचा की नगरपालिकेने, या वादात तो १८७२ मध्ये बारगळला, १८८० मध्ये परत आला आणि इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांनी चालवलेल्या चळवळीचा रेटा इथवर पोचल्यावर १८८८ मध्ये रद्द झाला.

या कायद्यात तपासायचं कुणाला हे पोलीस ठरवत होते, डॉक्टर नाही. नाव वहीत चढवायला लक्षण लागत नव्हतं. वस्ती, ओळख आणि कुणाची तरी तक्रार एवढं पुरे होतं. जिच्याकडे हा रोग घेऊन शिपाई येत होता तिला तिकीट होतं, शिपायाला नव्हतं. नैतिकतेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. निव्वळ साथीच्या हिशेबानेही ही व्यवस्था आंधळी होती, कारण संसर्गाच्या साखळीतल्या एकाच कडीची तपासणी व्हायची, तीही अशा पद्धतीने की शांत अवस्थेतली बाई निरोगी ठरावी आणि साधी जखम असलेली आत जावी.

आता युरोपात जाऊ, कारण रक्ततपासणीचा जन्म तिथला आहे, आणि जन्मदात्यांपैकी एकाची गोष्ट मला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. आल्बर्ट नायसर. १८७९ मध्ये परम्याचा जंतू शोधून काढणारा, ब्रेस्लाउचा त्वचारोगतज्ज्ञ. त्या जंतूला आजही त्याचंच नाव आहे. १८९२ मध्ये त्याने उपदंशाच्या रुग्णांच्या रक्ताचा जलांश दुसऱ्या तक्रारींसाठी रुग्णालयात आलेल्या स्त्रियांना टोचला. यातून रोगप्रतिबंध साधतो का, ते त्याला पाहायचं होतं. त्या स्त्रियांना काही सांगितलं नव्हतं, विचारलं तर नव्हतंच. त्यांतल्या बहुतेक वेश्या होत्या, काही अगदी कोवळ्या वयाच्या. पुढे त्यांच्यातल्या काहींना उपदंश झाला. नायसरचं म्हणणं असं, की टोचण्यामुळे नव्हे, त्यांच्या धंद्यामुळे झाला. त्यांना तो तसाही व्हायचाच होता.

हा बचाव शास्त्रीय भाषेत मांडलेला होता आणि सहकारी प्राध्यापकांपैकी बहुतेकांना तो पटलाही. जोखमीचा गट हा शब्दप्रयोग तेव्हा नव्हता, पण एकदा एखाद्या बाईवर तसा शिक्का बसला की तिच्या बाबतीत कारण शोधण्याची गरज उरत नाही, हे या प्रकरणाइतकं उघड क्वचितच दिसतं. वर्तमानपत्रांनी बोभाटा केला, नायसरला दंड झाला, आणि डिसेंबर १९०० मध्ये प्रशियाच्या सरकारने फर्मान काढलं की उपचाराखेरीज अन्य हेतूने माणसावर प्रयोग करायचा तर त्याला सगळं समजावून त्याची निःसंदिग्ध संमती घेतलीच पाहिजे. रुग्णाच्या संमतीबद्दलच्या जगातल्या पहिल्या सरकारी आदेशांमध्ये या फर्मानाची गणना होते. त्याचं मूळ या स्त्रियांच्या अंगावर आहे.

१९०५ मध्ये बर्लिनला फ्रिट्झ शाउडिन आणि एरिक हॉफमन यांना उपदंशाचा जंतू दिसला. मळसूत्रासारखा पीळदार, इतका फिकट की शाउडिनने त्याला ‘पॅलिडा’ हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो जिवंत वळवळताना पाहण्याची सोय झाली. पण त्यासाठी ताजा व्रण हवा. शांत अवस्थेतल्या रोग्याचं काय? त्याचं उत्तर १९०६ मध्ये आउगुस्ट फॉन वासरमान, कार्ल ब्रुक आणि हाच नायसर यांनी दिलं.

वासरमानची तपासणी म्हणजे प्रयोगशाळेतला एक छोटा प्राणिसंग्रह होता. मेंढीच्या तांबड्या पेशी, त्या पेशींविरुद्ध सशात तयार केलेलं रक्तजल, गिनीपिगच्या रक्तातला ‘कॉम्प्लिमेंट’ हा घटक, आणि उपदंशाने मृत जन्मलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क. रोग्याच्या रक्तात उपदंशाविरुद्धचे प्रतिपिंड असतील तर ते यकृताच्या अर्काशी जुळून कॉम्प्लिमेंट खर्ची घालतील. मग मेंढीच्या पेशी फोडायला काही उरणार नाही आणि नळीतला द्रव लाल होणार नाही. रोग नसेल तर पेशी फुटतील, द्रव लाल होईल. एका तपासणीला पुष्कळ वेळ, पुष्कळ हात आणि पुष्कळ जनावरं लागत. तरी ती जगभर पसरली, कारण व्रण नसताना, पुरळ नसताना, दहा वर्षांपूर्वीचा संसर्गही रक्तातून बोलतो, हे पहिल्यांदाच घडत होतं.

आणि मग कळलं की तपासणी ज्या पायावर उभी होती तो पायाच नव्हता. अर्भकाच्या यकृतात जंतू खच्चून भरलेले असतात, प्रतिपिंड त्या जंतूंशी जुळतात, असा वासरमानचा कयास होता. वर्षभरातच कार्ल लँडस्टायनर आणि इतरांनी दाखवलं की निरोगी यकृताचा अर्क घेतला तरी चालतं. अर्भक सोडा, जनावराच्या निरोगी हृदयाचा मद्यार्कात काढलेला अर्क घेतला तरी चालतं. म्हणजे तपासणी जंतूला ओळखतच नव्हती. उपदंशात शरीराच्याच पेशींची नासधूस होते, त्यातून बाहेर पडणाऱ्या एका स्निग्ध पदार्थाविरुद्ध शरीर प्रतिपिंड बनवतं, आणि ते पकडले जात होते. जंतूचा माग काढायला निघालेले लोक जंतूने केलेल्या मोडतोडीपाशी पोचले होते.

लवूफचा डॉक्टर लुडविक फ्लेक स्वतः रक्ततपासण्या करणारा माणूस. त्याने १९३५ मध्ये याच प्रकरणावर एक पुस्तक लिहिलं. विज्ञानातलं ‘तथ्य’ घडतं कसं, याबद्दलच्या विचारात ते पुढे फार मोलाचं ठरलं. त्याचं निरीक्षण असं, की वासरमानच्या पहिल्या प्रयत्नांत रोग्यांपैकी जेमतेम १५ ते २० टक्के पकडले जात होते. पुढे सगळ्यांनी मिळून प्रमाणं बदलत, वेळा बदलत, अर्क बदलत हा आकडा ७० ते ९० टक्क्यांवर नेला. इतकी चिकाटी का दाखवली? कारण उपदंशाचं रक्त ‘बिघडलेलं’ असतं ही समजूत शतकानुशतकं लोकांच्या मनात होती आणि शास्त्रज्ञही त्याच लोकांतले. चुकीच्या कल्पनेने धरून ठेवलं म्हणून उपयुक्त साधन हाती लागलं. विज्ञानाचा इतिहास सरळ रेषेत सांगणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

यापुढचा तांत्रिक भाग झटपट आटपता येतो. १९२० च्या दशकात मिशिगनच्या र्‍यूबेन कान यांनी प्राणिसंग्रहाला फाटा देऊन नळीत नुसते कण गोळा होतात का ते पाहायची तपासणी काढली. जुन्या केसपेपरांवर दिसणारी ‘कान टेस्ट’ ती हीच. तिचा कानाशी संबंध नाही. १९४१ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेत मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून तो स्निग्ध पदार्थ शुद्ध रूपात वेगळा काढला. हृदयातला म्हणून कार्डिओलिपिन. आता अर्क दर बॅचला वेगळा निघण्याची कटकट संपली. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या व्हेनेरियल डिसीज रिसर्च लॅबोरेटरीने कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांच्या मिश्रणावर एक सोपी तपासणी बसवली, आणि प्रयोगशाळेची आद्याक्षरं तिला चिकटली. रक्तजल ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचं, काचेवर थेंब घ्यायचा, मिश्रणाचा थेंब घालायचा, चार मिनिटं फिरवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. गाठळ्या दिसल्या तर रिॲक्टिव्ह. मग रक्तजल निम्म्या निम्म्याने पातळ करत जायचं आणि कुठवर गाठळ्या येतात ते लिहायचं, १:८, १:१६, १:३२. उपचारानंतर हा आकडा उतरतो. त्यामुळे ही तपासणी रोग सांगते आणि रोग हटत चालला आहे की नाही तेही सांगते.

हीच प्रयोगशाळा चालवणाऱ्या जॉन महोनी यांनी १९४३ मध्ये चार रुग्णांना पेनिसिलिन देऊन उपदंश बरा होतो हे दाखवलं होतं. तपासणी आणि औषध एकाच छपराखाली जन्मले, असं कौतुकाने लिहून पुढे जाता आलं असतं. पण त्याच वर्तुळातले जॉन कटलर १९४६ ते १९४८ या काळात ग्वाटेमालात होते. तिथे अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेने कैदी, शिपाई, मनोरुग्ण आणि वेश्या अशा तेराशेहून अधिक माणसांना जाणूनबुजून गुप्तरोगांच्या जंतूंच्या संपर्कात आणलं. रक्ततपासण्या पडताळून पाहण्यासाठी अनाथालयातल्या मुलांचंही रक्त घेतलं. हे २०१० मध्ये उघडकीला आलं आणि अमेरिकेने माफी मागितली. अलाबामातल्या टस्कीगीत तर १९३२ पासून १९७२ पर्यंत उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना ‘रक्त खराब आहे’ एवढंच सांगून, पेनिसिलिन आल्यावरही, विनाउपचार ठेवलं गेलं. नायसरच्या रुग्णालयापासून इथपर्यंत निवड एकाच कसोटीवर होत होती. जे तक्रार करू शकणार नाहीत, ते.

हिंदुस्थानात ही तपासणी रुळली ती सरकारी रुग्णालयांच्या आणि कोलकात्याच्या सेरॉलॉजी संस्थेच्या आधाराने. काचेवर घालायचं ते मिश्रण तिथे तयार होऊन देशभर जायचं. पेनिसिलिन आपल्या उंबऱ्यावर आलं: जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. त्याआधी मराठीत या रोगांबद्दल सरळ भाषेत लिहिणारा माणूस शोधायचा तर र. धों. कर्वे. १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवताना त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. गुप्तरोग हा पापाचा नव्हे तर जंतूचा मामला आहे, हे कर्वे सांगत होते त्या काळात वासरमान तपासणीची सोय फार थोड्या ठिकाणी होती.

आता एका गणिताशी थांबायला हवं, कारण जोखमीचा विचार टाकाऊ आहे असा समज व्हायला नको. समजा एखादी तपासणी निरोगी माणसांपैकी शंभरात दोघांना चुकून रोगी ठरवते, आणि रोगी एकही सोडत नाही. दहा हजार गरोदर स्त्रियांमध्ये खरा रोग वीस जणींना आहे असं धरू. त्या वीस सापडतील आणि निरोगींपैकी सुमारे दोनशे जणींवर खोटा ठपका येईल. म्हणजे रिॲक्टिव्ह आलेल्या अकरा जणींत खरी एकच. तीच तपासणी अशा दहा हजार माणसांवर करा, जिथे दोन हजारांना रोग आहे: खोटे ठपके एकशे साठ, खरे दोन हजार. इथे चौदातले तेरा खरे. काच तीच, थेंब तोच, पण उत्तराचा अर्थ उलटा. म्हणून चांगला डॉक्टर विचारतो: जोडीदार किती, अलीकडे नवा कुणी आला का, निरोध वापरता का, आधी कधी असा आजार झाला होता का, जोडीदाराला काही होतंय का. हे प्रश्न चारित्र्याच्या चौकशीसाठी नाहीत. हातात येणाऱ्या कागदावर कितपत भिस्त ठेवायची हे त्यांच्याशिवाय ठरत नाही.

आणि व्हीडीआरएलचे खोटे ठपके बरेच आहेत. कुष्ठरोगात ती रिॲक्टिव्ह येते, हिवतापात येते, कधी नुसत्या म्हातारपणात किंवा गरोदरपणातही येते. आपल्या मुलखात कुष्ठरोग आणि हिवताप दोन्हींचा सुकाळ होता. त्या काळात निव्वळ या कागदावर किती संसार ढवळून निघाले असतील, याचा हिशेब कुणाकडे असायचं कारण नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. तिथे लग्नाआधी रक्त तपासण्याचे कायदे बहुतेक राज्यांत होते, पहिला कनेटिकटचा, १९३५ चा. त्यात काही तरुण स्त्रियांचा अहवाल वर्षानुवर्षं रिॲक्टिव्ह येई आणि उपदंश मात्र नसे. त्यांतल्या काहींना पुढे ल्युपस हा आजार झाला. त्या धाग्यावरून १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांच्या गटाने कार्डिओलिपिनविरुद्धच्या प्रतिपिंडांचा आणि वारंवार होणाऱ्या गर्भपातांचा संबंध जोडला. आज पुन्हापुन्हा गर्भ गळणाऱ्या बाईला जी ‘अँटिकार्डिओलिपिन’ तपासणी सांगतात, ती व्हीडीआरएलच्याच घरातली. फक्त तिच्यामुळे कुणी भुवया उंचावत नाही.

१९८६ साली हा सगळा इतिहास नव्या रोगाच्या रूपाने पुन्हा समोर आला. मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन यांची विद्यार्थिनी निर्मला हिने एचआयव्ही शोधण्यासाठी सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांचं रक्त गोळा केलं. वेल्लोरला तपासणी झाली आणि सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. देशातली ही पहिली नोंद. शोध म्हणून ती फार मोठी होती, त्यामुळे तयारीला वेळ मिळाला. पण रक्त मिळालं ते कुलूपबंद दाराआडून, आणि त्यानंतर कित्येक वर्षं देशाने हा रोग त्याच दाराआड आहे अशी स्वतःची समजूत करून घेतली.

गोव्यात त्याच सुमारास कायदा पुढे धावला. सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती होऊन एचआयव्हीबाधिताला अलग ठेवण्याची तरतूद झाली. फेब्रुवारी १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. त्याने रक्तदान केलं होतं आणि रक्त तपासणीत पॉझिटिव्ह आलं होतं. म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने कायदा वैध ठरवला, तरी तोवर तो सुटला होता आणि पुढे सक्तीची तरतूद सैल झाली. १९९२ मध्ये तो वारला. लॉक हॉस्पिटल बंद होऊन शंभर वर्षं झाली होती.

ज्या अभ्यासांनी जोखमीचा जुना नकाशा फाडला, त्यांतले दोन महाराष्ट्रातले आहेत याचा मला अभिमान वाटतो. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीच्या दोन खेड्यांतला अभ्यास आला. रुग्णालयात आलेल्या नव्हेत, गावात राहणाऱ्या ६५० स्त्रिया त्यांनी तपासल्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा जननमार्गाचा कुठला ना कुठला आजार होता. याआधी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. यातले सगळे आजार लैंगिक संसर्गाचे नव्हते, पण जननमार्गाचे संसर्ग त्यात पुष्कळ होते. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, हे बाईच्या जातीला असायचंच असं मानून त्या कामाला जात होत्या. कुणी विचारलं नव्हतं म्हणून आकडा नव्हता.

दुसरा अभ्यास पुण्याचा. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची पाहणी केली. धंदा करणाऱ्या जवळपास निम्म्या जणींना एचआयव्ही होता. ते अपेक्षित होतं. पण धंदा कधीही न केलेल्या ३९१ जणींपैकी १३.६ टक्के बाधित निघाल्या. बहुतेक विवाहित, आयुष्यात एकच पुरुष. त्यांच्या बाबतीत जोखमीचा घटक शोधल्यावर हाती लागला तो गुप्तरोग असलेल्या जोडीदाराशी आलेला संबंध. १८६८ च्या कायद्यात ज्याला तिकीट नव्हतं तो इथे शेवटी आकडेवारीत आला.

धोरण मात्र गटांच्याच भाषेत लिहिलं गेलं. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, सुईने नशा करणारे, तृतीयपंथी: हे ‘अतिजोखमीचे’. ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर: हे ‘पुलासारखे’, म्हणजे तिकडचा रोग इकडे आणणारे. पैसा मोजका असताना तो कुठे ओतायचा हे ठरवायला गट लागतात, हे मान्य. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने आणि पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने त्याच गटाला उलटं वळण दिलं. निरोध वाटायचे ते त्या बायकांनीच, कुठल्या दवाखान्यात माणसासारखं वागवतात ते ठरवायचं त्यांनीच. तपासणीला कुणाला बोलवायचं हे ठरवण्याचा हक्क तपासल्या जाणाऱ्यांकडे जाणं, ही या कुळकथेतली खरी नवी गोष्ट.

दवाखान्यांत याच काळात निदानाने पुन्हा डोळ्यांकडे तोंड वळवलं. खेड्यात प्रयोगशाळा नाही, रुग्ण अहवालासाठी दुसऱ्यांदा येत नाही, म्हणून लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत आली. स्राव असेल तर करडं पाकीट, व्रण असेल तर पांढरं, ओटीपोट दुखत असेल तर पिवळं. अशी सात रंगांची पाकिटं आजही सरकारी दवाखान्यात मिळतात. पुरुषाच्या स्रावाला आणि व्रणाला ही युक्ती चांगली लागू पडते. बाईच्या बाबतीत लंगडी पडते, कारण परमा आणि क्लॅमिडिया बहुधा तिला कळूच देत नाहीत, आणि जे पांढरं जातं त्याचं कारण पुष्कळदा लैंगिक संसर्ग नसतंच. जनुकीय तपासण्यांनी हे दोन्ही रोग नेमके कळतात. त्या अजून महाग आहेत.

या सगळ्यात व्हीडीआरएलची गरोदरपणातली जागा अढळ राहिली, आणि तिचा एक आडवा उपयोगही झाला. १९९८ पासून देशभरात दवाखान्यांत एचआयव्हीची जी नियमित टेहळणी सुरू झाली, तिच्यात गरोदर स्त्रियांच्या व्हीडीआरएलसाठी काढलेल्या रक्तातला उरलेला भाग नाव-गाव पुसून तपासला जाई. भारतात एचआयव्ही किती, या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं त्या उरलेल्या रक्तातून येत होतं. उपदंशाची तपासणी सरसकट सगळ्यांची होते, कुणाला वेगळं काढून नाही, म्हणूनच ती या कामी आली.

आता बोटाच्या टोकावरच्या थेंबाने एकाच पट्टीवर एचआयव्ही आणि उपदंश दोन्ही सांगणारी तपासणी आली आहे; जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गरोदरपणातली पहिली तपासणी म्हणून तिची शिफारस केली. ती खऱ्या जंतूविरुद्धचे प्रतिपिंड पकडते, म्हणजे वासरमानला जे हवं होतं ते करते. अडचण अशी, की हे प्रतिपिंड रोग बरा झाल्यावरही बहुधा जन्मभर रक्तात राहतात. दहा वर्षांपूर्वी उपचार झालेली बाई आणि आज संसर्ग असलेली बाई, पट्टी दोघींना सारखंच उत्तर देते. दोघींत फरक करायला पुन्हा कार्डिओलिपिनचीच तपासणी लागते, व्हीडीआरएल किंवा तिची बहीण आरपीआर.

त्यानंतरचं काम पेनिसिलिनचं. गरोदरपणात दुसरं भरवशाचं औषध नाही. अलीकडच्या संसर्गाला बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटांचं इंजेक्शन कमरेत खोल एकदा; जुना किंवा केव्हाचा ते माहीत नसलेला असेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. इंजेक्शन स्वस्त आहे. पण रिॲक्शनच्या भीतीने लहान दवाखान्यांत ते द्यायला कचरतात आणि बाईला जिल्ह्याच्या गावी पाठवतात; तिथे जायला दिवस मोडतो, सोबत कुणीतरी लागतं, आणि नवऱ्यालाही तपासायला बोलावलं आहे हे घरी सांगावं लागतं. बाळंतपणाच्या निदान ३० दिवस आधी उपचार सुरू झाला तर तो बाळापर्यंत पोचला असं धरतात. त्याहून उशीर झाला, तर आईला इंजेक्शन मिळालेलं असूनही बाळाला उपचार न झालेल्या आईचं मूल समजून तपासायला घेतात.